कोणतं द्यायचं, तेवढं सांगा

"मॅडम, तिघांपैकी एक मांजर देऊन टाकायचं ठरवलंय. कोणतं, तेवढं तुम्ही सांगा."

मांजरांच्या वागण्याच्या तक्रारी घरी जाऊन सोडवणं हे माझं काम. असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. हा ठाण्याहून होता. फोनवरच्या ताई बँकेत, नवरा घरून काम करणारा, मुलगी बारावीला, सासूबाई ऐंशीला टेकलेल्या, आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन मांजरं. (माणसांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. मांजरांनी हरकत घेतलेली नाही.) मनी ९ वर्षांची, सगळ्यांत जुनी. ढब्बू ३ वर्षांचा बोका. चिकू दीड वर्षाची, पावसात स्कूटरखाली सापडलेली. तिघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झालेली. गेले दोन महिने मनी गादीवर शू करत होती. आधी मुलीच्या, मग आजींच्या. एक दिवस नवऱ्याच्या लॅपटॉपच्या बॅगेवर केली आणि त्या रात्री मला फोन आला.

"मुद्दाम करते हो. आमच्याकडे बघत बघत करते."

बघत करते, कारण आता ओरडा बसणार हे तिला पाठ झालंय. मांजर सूड म्हणून शू करत नाही. हे मी फोनवर सांगते, समोरचा "हो हो" म्हणतो, आणि त्याला अजिबात पटलेलं नसतं.

घरी जाण्याआधी माझी एकच अट असते: आधी डॉक्टर. ताईंनी मनीला तपासून आणलं. लघवीत जंतू नाहीत, खडे नाहीत, पण मूत्राशयाला सूज. मांजरांमध्ये हे बरंच दिसतं. दुसरं कारण सापडत नाही, आणि ताण वाढला की त्रास उफाळतो. म्हणजे मनीला शू करताना दुखत होतं आणि वर ओरडाही खावा लागत होता. बोक्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तो सारखा शू-शीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाहीये, असं दिसलं तर माझ्यासारखीला फोन करू नका. रिक्षा करा आणि दवाखाना गाठा. मार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

त्यांच्या घरी गेले आणि पहिले दोन तास काहीच केलं नाही. चहा घेतला आणि बसून राहिले. ढब्बू आला, पायाशी लोळला, पोट दाखवलं. घरादाराचा लाडका. मग जाऊन स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आडवा पसरला. थोड्या वेळाने मनी बेडरूममधून बाहेर आली. दोन पावलं टाकली, ढब्बूला पाहिलं, खाली बसली, उगाच पंजा चाटला आणि आल्या पावली परत गेली. आवाज नाही, गुरगुर नाही, शेपूटही फुगली नाही.

"बघा, भांडत कुठे आहेत?" ताई म्हणाल्या.

पॅसेजमधल्या खुर्चीवरून आजी बोलल्या, "भांडायला कशाला हवं? तो नाकं धरून बसलाय. आमच्या थोरल्या जाऊबाई अशाच स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या. पाणी प्यायचं तर त्यांना ओलांडून."

मी आजींकडे वळले. दिवसभर त्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळं टिपलं होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मनी रात्री सगळे झोपल्यावर धावत जाऊन खाते. चिकू दोघांच्या मध्ये पडत नाही, फ्रिजवर बसून राहते. ढब्बू अंगावर जात नाही, नुसता टक लावून बघतो. ते बघणं म्हणजेच दमदाटी. रक्त निघत नाही, म्हणून घरात सगळं आलबेल आहे असं आपल्याला वाटतं.

आता ट्रे. दोन होते, दोन्ही ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला खेटून. जायला एकच वाट, स्वयंपाकघरातून, म्हणजे ढब्बूच्या नाकावरून. शिवाय शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबात एकच असतात. आणि बाल्कनीत पाऊल टाकताच फिनाईलचा भपका. मनीने शू केली की आजी सगळीकडे फिनाईलने पुसायच्या. हेतू चांगला, पण मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. वर त्या उग्र वासाने ट्रेसुद्धा नकोसा होतो. शूचे डाग काढायला एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरायला सांगितलं. आजी नाराज झाल्या.

पण आधी तिघं बरी राहत होती, मग आत्ताच काय झालं? हे मी नेहमी विचारते आणि उत्तर बहुतेक वेळा "काहीच नाही" असं येतं. मग मुलीला आठवलं. ऑगस्टमध्ये मनीचे दोन दात काढले होते. ती दवाखान्यातून आली तेव्हा ढब्बू तिच्यावर फिस्कारला होता. सगळे हसले होते.

तिथेच बिनसलं होतं. मांजरं एकमेकांना ओळखतात ती मुख्यतः वासावरून. मनीच्या अंगाला औषधांचा, परक्या हातांचा, दुसऱ्या जनावरांचा वास. दिसायला मनी, वासाने कुणी तिसरीच. शिवाय ती भुलीतून उठलेली, चाल अडखळती. ढब्बू घाबरला आणि फिस्कारला, मनी पळाली. पळणाऱ्याचा पाठलाग करता येतो, हे ढब्बूला त्या दिवशी समजलं. दवाखान्यातून आलेलं मांजर थेट इतरांमध्ये सोडू नये. एक रात्र वेगळ्या खोलीत राहू द्यावं, त्याच्या नेहमीच्या पांघरुणात.

मी सांगितलं, तिघांची नव्याने ओळख करून द्यायची. मनीला आजींची खोली. तिथेच तिचं खाणं, पाणी, ट्रे आणि लपायला पुठ्ठ्याचा खोका. दार बंद. आजींच्या जुन्या सुती साडीचे तुकडे करायचे, एक ढब्बूच्या गालांवरून फिरवून मनीच्या ताटलीखाली, एक मनीचा ढब्बूच्या. हुंगून सोडून दिला की पुढची पायरी: बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण, सुरुवातीला लांब, मग रोज थोडं जवळ. नंतर दार बोटभर उघडं. आवडीचं खाणं फक्त याच वेळी. त्यांच्याकडे ते उकडलेलं चिकन होतं.

आणि चार ट्रे. तीन मांजरं, तर चार ट्रे, वेगवेगळ्या जागी.

"चार?" नवरा पहिल्यांदाच बोलला. "घर आहे की सुलभ शौचालय?"

महागडे नकोत म्हटलं. बाजारातून प्लास्टिकची मोठी घमेली आणा. झाकणाच्या ट्रेपेक्षा ती बरी, कारण आत बसलेल्या मांजराला चारी बाजू दिसतात आणि कोंडीत सापडायची भीती राहत नाही. त्याने मग आणखी एक विचारलं, जरा हळू आवाजात: आईंच्या झोपेच्या गोळीची पाव गोळी मनीला दिली तर? नाही. माणसाची कुठलीही गोळी नाही. पॅरासिटामॉल तर एका गोळीतही मांजराला मारू शकतं. ताणावर औषधं आहेत, पण ती डॉक्टर लिहून देतील तीच.

पहिले दोन दिवस मनी जेमतेम खात होती. ते मी रोज विचारत होते, कारण मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतावर चरबी चढते आणि मूळ दुखण्याहून ते भारी पडतं. तिसऱ्या दिवशी आजींनी तिला हाताने भरवलं. सातव्या दिवशी गादी कोरडी राहायला लागली. बाराव्या दिवशी केर काढायला आलेल्या मावशींनी सवयीने दार सताड उघडलं. ढब्बू आत, मनी कपाटावर, पडदा फाटला. ताईंचा रडवेला फोन: "सगळं पाण्यात गेलं." सगळं गेलं नव्हतं, पण चार दिवस मागे जावं लागलं. दाराला आतून कडी आणि बाहेरून चिठ्ठी लागली.

दार पूर्ण उघडायला सहा आठवडे लागले. तोवर कपाटाच्या माथ्यावर चटई टाकून झाली होती, शेजारी स्टूल, आणि पलीकडून खाली उतरायला शिलाई मशीन. एका बाजूला ढब्बू बसला तरी दुसरीकडून निघता येईल अशी वाट. फ्लॅट तेवढाच, मांजरांसाठी मात्र वरचा मजला वाढला.

आता पहिला प्रश्न: देऊन टाकणं. मी याला सरसकट नाही म्हणत नाही. रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या होतात, महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही एक मांजर कपाटाखालून बाहेर येत नाही, अशा दोन घरांत मी स्वतः दुसरं घर शोधून दिलंय, आणि ती मांजरं तिथे एकटी सुखात आहेत. पण इथे घरच्यांनी मनी द्यायचं मनात पक्कं केलं होतं. म्हणजे जिला त्रास होत होता तीच घराबाहेर. ढब्बू मात्र उंबरठ्यावर तसाच, आणि मनी गेल्यावर त्याने चिकूकडे बघायला सुरुवात केली असती.

मनी आणि ढब्बू मित्र झालेले नाहीत. एकमेकांना चाटत नाहीत, एका गादीवर झोपत नाहीत. आजींच्या म्हणण्यानुसार मनी पॅसेजमधून भिंतीच्या कडेकडेने जाते आणि ढब्बू तिला बघून मान वळवतो. मला तेवढं पुरे आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री बॉम्ब फुटत होते तेव्हा मनीने एकदा गादी ओली केली. कुणी ओरडलं नाही.

गेल्या आठवड्यात नवऱ्याचा मेसेज आला. सोफ्यामागचं चौथं घमेलं काढलं तर चालेल का, पाहुणे येणार आहेत. मी लिहिलं, पाहुणे कधी जाणार?