सोयाही नको, गहूही नको? मग सुरुवात इथून करा

सोया आणि गहू चालत नाही म्हणून सोया सॉस बंद झाला, तरी फ्राइड राइस सोडू नका. सॉसमधला खारट-उमामी (मांस-मशरूमसारखा खमंग) स्वाद दुसरीकडूनही आणता येतो.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे तामारी, म्हणजे जपानी पद्धतीचा सोया सॉस, आणणं. तिच्यात गहू बहुधा नसतो, पण ती सोयाबीनचीच असते. साधं ‘लिक्विड अमायनोज’ (सोया सॉससारखंच बाटलीतलं खारट द्रव) हेही सोयाचंच. तुम्हाला हवंय ते कोकोनट अमायनोज, माडाच्या रसापासून आंबवून केलेलं. ते गोडसर आणि कमी खारट असतं, म्हणून साखर वगळा आणि मीठ वरून घाला.

बाटली महाग वाटली तर घरी करा, मला तर तेच जास्त आवडतं. मूठभर सुके शिताके मशरूम दोन कप गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. तळाची माती मागे ठेवून पाणी ओता, त्यात लहान खडा गूळ आणि चमचाभर चिंचेचा कोळ घाला, निम्मं होईपर्यंत आटवा. मीठ शेवटीच, आधी घातलं तर आटल्यावर तोंडात धरवत नाही. गाळून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा.

मासे चालत असतील तर फिश सॉस उत्तम, पण थेंबाथेंबाने.

लेबल वाचल्याशिवाय हे घेऊ नका:
- शेजवान आणि ऑयस्टर सॉस: बऱ्याचदा आत सोया सॉस असतोच.
- माल्ट व्हिनेगर: ते सातूचं (जवाचं), म्हणजे ग्लुटेन, गव्हातही असणारं प्रथिन, आलंच.
- हिंग: डबीतल्या बांधानी (पीठ-डिंक मिसळलेल्या) हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठाचा मिळतो, तो शोधा.