नव्या श्वसनविषाणूच्या काळात घरातील हवेचा विचार

ताई, नव्या श्वसनविषाणूच्या बातम्या वाचून आपण विचारले आहे की, घरात ७२ वर्षांच्या सासूबाई आणि शिकवणीला जाणारा मुलगा असताना भाजी धुण्यापासून कापराच्या पोटलीपर्यंत नेमके काय करावे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी झालेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बातमीत नवा म्हणून आलेला प्रत्येक विषाणू नवा असतोच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये ज्या एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूची नागपुरातही चर्चा झाली, तो नेदरलँड्समध्ये २००१ सालीच ओळखला गेला होता आणि बहुतेक मुलांना तो पाचव्या वर्षापर्यंत होऊन गेलेला असतो. विषाणू खरोखरच नवा असेल, तर नावापेक्षा एक गोष्ट आधी शोधावी: रुग्ण दुसऱ्याला संसर्ग कधी देऊ लागतो? २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत रुग्ण आजारी पडल्यानंतर, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, अधिक संसर्गजन्य होत असे. त्यामुळे ताप असलेल्यांना वेगळे ठेवून ती साथ काही महिन्यांत आटोक्यात आणता आली. कोविडमध्ये मात्र लक्षणे दिसण्यापूर्वीच एक-दोन दिवस माणूस विषाणू पसरवू लागत असे, आणि म्हणून दारावर ताप मोजणाऱ्या बंदुकीचा उपयोग फार थोडा झाला.

दुसरा प्रश्न मार्गाचा. बोलताना, खोकताना आणि नुसता श्वास सोडतानाही निरनिराळ्या आकारांचे कण बाहेर पडतात. मोठे कण दोन-तीन हातांवर खाली पडतात, पण सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅगिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाच्या सुमारे अडीच तासांच्या सरावाला ६१ जण होते. त्यांपैकी पहिल्या रुग्णासह ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. एवढा संसर्ग दाराची कडी किंवा खुर्ची पुसून थांबला नसता. मुलाच्या शिकवणी वर्गात स्प्लिट एसी लावून दारे-खिडक्या बंद ठेवत असतील, तर मला बाजारातल्या भाजीपेक्षा त्या खोलीची चिंता अधिक वाटते, कारण साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर पाहावे: बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, वर्गात १००० च्या वर सतत राहिला तर हवा पुरेशी बदलत नाही असे समजावे.

या बाबतीत आपला खिडकीतला कूलर गुणाचा आहे. तो बाजूच्या ओल्या गवती ताट्यांतून बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर हे काम करत नाही. घरात कोणी आजारी पडल्यास त्याच्याच खोलीत कूलर लावण्याची आपली मायेची सवय येथे उलटी पडते, कारण त्या दाबाने रुग्णाच्या खोलीतील हवा दारातून घरभर जाते. कूलर बैठकीच्या खिडकीत चालवावा, रुग्णाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी, शक्य असल्यास तिच्यात बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावावा. म्हणजे हवा घराकडून रुग्णाकडे आणि तेथून बाहेर वाहील. हिवाळ्यात रात्री सगळे बंद करून झोपतो तेव्हा तरी दिवसा दारे-खिडक्या उघड्या असाव्यात.

मास्क गर्दीच्या बंद जागी आणि रुग्णाच्या खोलीत वापरावा. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी; त्याच्या धाग्यांवरचा विद्युतभार साबणाने जातो, म्हणून तो धुऊ नये. हात साबणाने वीस सेकंद धुवावेत, भाजी नेहमीप्रमाणे पाण्याने धुतली की पुरे. कापूर-ओव्याची पोटली २०२० मध्ये पुष्कळांच्या गळ्यात होती. तिने विषाणू अडत नाही, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. काढा बेताने घ्यावा. वाफेच्या उकळत्या भांड्याजवळ मुलांना मात्र बसवू नये.

सासूबाईंकडे वेगळे लक्ष हवे, कारण म्हातारपणी गंभीर संसर्गातही कित्येकदा ताप येत नाही. जेवण तुटते, माणूस गोंधळतो किंवा झोपून राहतो. दम लागत असेल, किंवा ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी बोट गरम करून घ्यावे आणि नेलपॉलिश असल्यास काढावे, नाहीतर आकडा चुकतो.