छतातून उजेड हवाय, पण मे महिना विसरू नका

प्रश्न : ताई, आमचं सांगलीत रो-हाऊस आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. त्यामुळे मधल्या 12 बाय 14 च्या खोलीत भर दुपारी पण ट्यूब लावावी लागते, आईची देवपूजा तिथेच असते. वर आमचीच गच्ची आहे. स्लॅब कापून 6 बाय 6 ची काच बसवायचा विचार आहे. एक जण म्हणतो पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा टाका, दुसरा म्हणतो 12 एमएम टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच टाका. काय घेऊ?

दादा, काच की पॉलिकार्बोनेट हे नंतर बघू, आधी भोक किती मोठं आणि कुठल्या दिशेला उघडं ठेवायचं ते ठरवा कारण सगळा खेळ तिथेच आहे. तुमची खोली 168 चौरस फुटांची आणि काच म्हणताय 36 फुटांची, म्हणजे खोलीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त! छतातून सरळ येणारा उजेड खिडकीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आपल्याकडच्या उन्हात खोलीच्या साधारण 5 टक्के जागा पुरते. तुमच्यासाठी 3 बाय 3 बास झालं. विश्वास बसत नसेल तर जिन्याचं दार उघडून बघा, तेवढ्याशा फटीतून केवढा उजेड येतो ते.

आता ऊन. परदेशातले फोटो बघून आपण सपाट काच बसवतो, पण तिकडे सूर्य तिरका असतो हो. सांगलीत मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, म्हणजे ज्या महिन्यात जीव नकोसा होतो नेमकं त्याच महिन्यात सपाट काचेतून सगळ्यात जास्त ऊन आत पडणार. आतून पडदा लावू म्हणाल तर तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं, उष्णता घरातच राहते. सावली करायची तर काचेच्या वरून, बाहेरून.

म्हणून मी काय करेन सांगते. स्लॅबमधलं भोक 3 बाय 4 ठेवेन, त्याच्यावर विटांचं दोन-अडीच फूट उंच खोकं बांधून वरून स्लॅबचंच झाकण घालेन आणि काच उत्तरेकडच्या उभ्या बाजूला लावेन. उजेड सपाट काचेपेक्षा कमी येतो म्हणून भोक थोडं मोठं, आणि खोक्याच्या आत पांढरा रंग, म्हणजे समोरच्या भिंतीवर आपटून उजेड खाली उतरतो. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य जरासा उत्तरेला सरकतो खरा पण फार तर सहा-सात अंश, त्याला झाकणाचाच दीड फुटाचा छज्जा पुरतो. बाकी वर्षभर मऊ उजेड, देवासमोर बसून पोथी वाचायला अगदी छान. एका बाजूला जाळीची झडप ठेवली तर वर साठलेली गरम हवा पण निघून जाते.

तरी आभाळच दिसायला हवं असं आईंचं म्हणणं असेल तर सपाट काच लावा, पण नुसती टफन्ड नको. टफन्ड काच फुटली की तिचे बारीक तुकडे होतात आणि ते सगळे खाली पडतात, कधीकधी ती कारण नसताना पण फुटते. डोक्यावर लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली, तडा गेला तरी जागेवर धरून राहते. 12 एमएमची 6 बाय 6 काच शंभर किलो भरते, 3 बाय 3 केली की पंचवीसवर येते, हे पण लक्षात घ्या. पॉलिकार्बोनेट वाईट नाही, हलकं आहे, सहज फुटत नाही, पण उन्हाने पिवळट पडतं, ओरखडे येतात, पावसात ताशा वाजल्यासारखा आवाज करतं. घेतलंच तर ज्या बाजूला यूव्हीचं, म्हणजे उन्हापासून वाचवणारं कोटिंग आहे ती वर आलीय ना ते स्वतः उभं राहून बघा, आणि स्क्रूची भोकं जरा सैल ठेवायला सांगा कारण उन्हात ते फुगतं.

आणि पाणी! आमच्याच घरी जिन्यावर सपाट काच होती, फॅब्रिकेटर म्हणाला सिलिकॉन मारलंय, टेन्शन नाही. काचेखालचा, भोकाभोवतीचा कठडा जेमतेम दोन इंचाचा. पहिल्याच जुलैत कोपऱ्यातून थेंब सुरू झाला, तिसऱ्या पायरीवर बरोबर, टप टप, आणि भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले, दोन पावसाळे बादली ठेवून काढले मी. शेवटी सगळं उखडून एका बाजूला 9 इंच, दुसऱ्या बाजूला 15 इंच असा उताराचा कठडा बांधला, कठडा आणि स्लॅबच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई मारून घेतली, काच कठड्याच्या बाहेर दोनेक इंच लोंबती ठेवली आणि खाली रबराचं गॅस्केट. तेव्हापासून कोरडं आहे. सिलिकॉन हा शेवटचा हात आहे, पाणी अडवायचं ते कठड्याने आणि उताराने. काम झालं की भोवती पाणी कोंडून दोन दिवस ठेवा आणि मगच कॉन्ट्रॅक्टरचे शेवटचे पैसे द्या.

स्लॅब कापायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, नुसत्या फोनवर नको. बीम कुठे, मुख्य सळया कुठल्या दिशेने हे बघूनच जागा ठरेल, ती तुम्हाला हवी तिथून फूटभर सरकली तरी ऐका त्याचं.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं कौलारू घर आहे. माजघरात काळोख. काचेची कौलं बसवायची आहेत पण माकडं सारखी छपरावर नाचतात.

काका, काचेचं कौल ही कोकणातली सगळ्यात शहाणी सोय आहे, मंगलोरी कौलाच्याच मापाचं येतं, एक काढायचं एक बसवायचं, तोडफोड काही नाही. माजघराला तीन-चार पुरे, आणि जमलं तर उत्तरेच्या उताराला. माकडांना थांबवायचा उपाय माझ्याकडे नाही, पण कौलाच्या खाली रिपांना वेल्डेड जाळी ठोकून घ्या म्हणजे फुटलं तरी काच पोरांच्या डोक्यावर यायची नाही. दोन जादा कौलं आणून पडवीत ठेवा. शेवाळ गणपतीच्या आधी पुसून घ्यायचं, पण शिडीवरून, छपरावर चढून अजिबात नको, काच वजन घेत नाही आणि शेवाळात ती कौलातून ओळखू पण येत नाही.

प्रश्न : ठाण्यात टॉप फ्लोअरचा फ्लॅट आहे, पॅसेजमध्ये अंधार. वरून पाइपने उजेड आणता येतो म्हणतात, ते करू का?

नको. चकचकीत नळीतून उजेड खाली येतो हे खरं, वस्तू पण चांगली आहे, पण त्यालाही स्लॅबला भोक पाडावंच लागतं आणि वरची गच्ची सोसायटीची आहे. उद्या गळती झाली की सगळं तुमच्यावर येणार. त्यापेक्षा बेडरूमच्या दारांच्या वर भिंतीत काचेची झडप बसवा आणि पॅसेजचा रंग पांढरा करा, खर्च पण कमी.

प्रश्न : लातूरकडे आजोबांचं माळवद पाडून स्लॅब टाकतोय. जुन्या घरात छताला सानं होतं, त्यातून उन्हाचा कवडसा पडायचा, तो आजीचं घड्याळच होता. नव्या घरात तसं काही करता येईल का?

अहो नक्की करा, आणि लगेच मिस्त्रीला सांगा! स्लॅब पडायच्या आधी सांगितलं तर शटरिंगवर फळ्यांची चौकट ठेवून भोक सोडता येतं, कडेने जादा सळया बांधता येतात, नंतर कापाकापी नाही. सानं छोटंच असायचं, पाऊस आला की वर पत्रा नाहीतर घमेलं झाकायचे, तसंच तुम्ही पण छोटंच ठेवा, दीड बाय दीड पुरे. 9 इंचाचा कठडा, वर लॅमिनेटेड काच, आणि गारांचा भाग आहे तुमचा म्हणून काचेवर जाळी. खाली आडवे गज टाका, चोरासाठी पण आणि गच्चीवर खेळणाऱ्या पोरांसाठी पण. कवडसा हवाय म्हणून तुम्हाला मी उत्तरेची उभी काच सांगत नाही, काच वर सपाटच ठेवा, आणि आजी जिथे बसायच्या त्या जागेचं माप जुनं घर पाडायच्या आत घेऊन ठेवा.