नकाशावरची प्रश्नचिन्हे

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. गेल्या पावसाळ्यात ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ हा गेम खेळायला घेतला. त्यातल्या वेलेन प्रांतात आणि नोव्हिग्राड शहरात झोपेचे भान राहिले नाही. पण स्केलिगे बेटांवर पोहोचल्यापासून जीव विटला आहे. नकाशावरचे एकही प्रश्नचिन्ह (न पाहिलेल्या जागेची खूण) मागे ठेवायचे नाही, असा नेम मी पहिल्या दिवसापासून पाळत आलो. ९० तास झाले आणि कथा अजून अर्ध्यावरच आहे. आता कंट्रोलर हातात घेतला की टेबलावर साचलेल्या फायली आठवतात. गेम सोडून द्यावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सोडायचाच असेल तर आधी तो नेम सोडून पाहा. तुम्ही नेमके स्केलिगेतच अडलात याचे मला मुळीच नवल वाटत नाही, कारण २०१५ साली हा गेम आला तेव्हापासून त्या समुद्राने अनेकांचा उत्साह बुडवला आहे. तिथल्या पाण्यावरची बहुतेक प्रश्नचिन्हे म्हणजे तस्करांनी दडवलेला माल. शिडाची होडी हाकत जायचे, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या सायरन (पंख असलेल्या राक्षसी जलपऱ्या) क्रॉसबोने पाडायच्या, तरंगत्या पिंपांखाली बुडी मारायची आणि वर यायचे ते पाठीवरच्या तलवारीहून बहुधा हलकीच तलवार घेऊन. असे पाच-सहा फेरे झाले की सामानाचे वजन मर्यादेबाहेर जाते, गेमच्या नायकाला, गेराल्टला, धावता येत नाही आणि मग ते भंगार विकण्यासाठी दुकानदार शोधत फिरावे लागते. यात कथा नाही, निवड नाही आणि आठवणीत राहील असे माणूसही नाही.

आता वेलेनमधला ब्लडी बॅरन आठवा. जन्माला येण्याआधीच गेलेल्या आपल्या अपत्याला, एका विद्रूप पिशाच्च झालेल्या अर्भकाला, तो धिप्पाड माणूस रात्रीच्या पावसात दोन्ही हातांवर उचलून घेतो आणि उंबऱ्यापाशी त्याचे नामकरण करतो. तुमची झोप उडवली ती अशा प्रसंगांनी, पिंपांनी नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर सारख्याच आकाराच्या खुणांनी दाखवल्या जातात, आणि हिशेब चोख ठेवायची सवय असलेल्या माणसाला त्या सगळ्या सारख्याच देण्याच्या वाटू लागतात. (यादी शून्यावर आणण्याचा हट्ट ‘स्कायरिम’ या गेममध्ये धरला असता तर तुमचे आणखी हाल झाले असते, तिथली काही कामे गेम स्वतःच अखंड निर्माण करत राहतो.) ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममध्ये शोधून गोळा करायच्या कोरोक बिया ९०० आहेत, पण सामानाच्या सर्व जागा खुल्या करण्यासाठी ४४१ पुरतात, आणि उरलेल्या सगळ्या गोळा करणाऱ्याला बक्षीस मिळते ते सोनेरी विष्ठेच्या आकाराचे. निर्मात्यांनी याहून स्पष्ट काय सांगायचे?

तेव्हा समुद्र आहे तसा राहू द्या. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर प्रश्नचिन्हे आणि होड्यांच्या खुणा झाकणारा नकाशाचा फिल्टर गेममध्येच आहे, तो लावा. साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची कामगिरी) निवडताना तिच्यात बोलणारे माणूस आहे का, एवढेच पाहावे. तुमच्या लेव्हलपेक्षा फार खालच्या क्वेस्टना अनुभवाचे गुणही नावापुरतेच मिळतात, त्यामुळे त्या केल्याने गेराल्ट अधिक बलवान होईल ही आशाही व्यर्थ आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मुख्य कथा संपल्यावरही त्या जगात हिंडता येते आणि प्रश्नचिन्हे कुठे पळून जात नाहीत. पण ट्रिस, येनेफर यांच्यासारख्या जवळच्या पात्रांशी जोडलेल्या काही क्वेस्ट ‘आइल ऑफ मिस्ट्स’ या बेटाकडे निघण्यापूर्वीच कराव्या लागतात, नाहीतर त्या कायमच्या हुकतात. गेम त्या टप्प्यावर सूचना देतो, ती घाईने बाजूला सारू नये.

पण हे सगळे करण्याआधी दोन-तीन आठवडे गेमला हातही लावू नका. कथेचा धागा सुटेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. सेव्ह (जतन केलेला खेळ) उघडताना गेराल्टचा कवी मित्र डँडेलियन आतापर्यंतची हकिगत थोडक्यात सांगतोच. विसरतात ती बोटे. म्हणून परतल्यावर थेट मोठ्या लढाईत न उतरता वेलेनच्या एखाद्या काठावर चार-दोन ड्राउनर (पाण्याकाठचे किरकोळ राक्षस) मारावेत, आणि हात बसला की गेराल्टच्या मानसकन्येच्या, सिरीच्या, शोधाला लागावे.