नव्या पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधकासाठी): मॉडेल नंतर, आधी डेटा

रुजू झाल्याबद्दल अभिनंदन! मानसिक आरोग्याच्या डेटावर मशीन लर्निंग कुठून सुरू करू, असं विचारलंय. सध्या करूच नका, त्याची वेळ येईल.

डेटा मिळवण्याचे अर्ज मात्र आजच टाका. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि डेटाचे करार यांत महिने सहज जातात, आणि तुमची मुदत काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

मग प्रश्नावली स्वतः भरून बघा. नैराश्याची लक्षणं मोजणारी पीएचक्यू-९ घ्या: ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, कमाल २७. १० किंवा जास्त आले की लोक सरळ ‘नैराश्य’ लिहून मोकळे होतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तीही फक्त मागच्या दोन आठवड्यांची. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे होकार आला तर कुणाला कळवायचं, हे डेटा गोळा करण्याआधीच ठरलेलं हवं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- रिकाम्या उत्तरासाठी टाकलेला ९९ बेरजेत धरणं. (हसू नका, होतं!)
- अपुऱ्या नोंदी सरसकट उडवणं. अभ्यास मध्येच सोडणारे बरेचदा जास्त त्रासात असतात. त्यांना वगळलं की उपचार आहे त्याहून गुणकारी दिसू शकतो.
- मूळ फाइलमध्येच दुरुस्त्या करणं.

आणि संघातल्या मानसोपचारतज्ज्ञाशी नियमित बोला. कुठला रकाना कोण, किती घाईत भरतं, हे कोडबुकात (डेटातल्या रकान्यांचा अर्थ सांगणाऱ्या यादीत) लिहिलेलं नसतं.