कळा सुरू झाल्यावर झोपलं तर चालतं का? पहिलंच बाळंतपण आहे, अडतिसावा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात झोपू नको, डिलिव्हरी लांबते

ताई, पहिलंच बाळंतपण आणि अडतिसावा आठवडा म्हणताय, तर झोपा. कळा सुरू झाल्या तरी डोळा लागतोय तोवर झोपा.

माझं माहेर तासगावकडं. पहिल्या वेळी रात्री नऊला कळा चालू झाल्या, वीस-वीस मिनिटांनी, पाळीत दुखतं तेवढ्याच. द्राक्षाचा सीझन, अंगणात क्रेटच्या थप्प्या, आणि आजी काठी टेकत माझ्या मागं, "चाल गं, बसू नगंस, चाललीस की लवकर मोकळी हुशील". पहाटे तीनपर्यंत त्या थप्प्यांना वळसे घालत होते. सकाळी सांगलीला हॉस्पिटलात गेलो तर सिस्टर म्हणतात गर्भाशयाचं तोंड दोनच बोटं उघडलंय. दोन! खऱ्या कळा दुपारनंतर आल्या आणि तोवर माझ्यात जीवच उरला नव्हता, दोन कळांच्या मधे मी टेबलावर चक्क घोरायचे म्हणे, मावशी गालावर टपल्या मारून उठवायच्या, "आली बघा कळ, लावा जोर".

दुसऱ्या वेळी डॉक्टर मॅडमनी आधीच सांगून ठेवलं की साधारण 5 सेंटिमीटर उघडेपर्यंतचा टप्पा रेंगाळतो, पहिलटकरणीचा तर कधीकधी अख्खा दिवस जातो, त्यात दमून घेऊ नका. खोट्या कळा असल्या तर आडवं पडल्यावर, कोमट पाण्यानं अंघोळ केल्यावर विरून जातात. खऱ्या असल्या की तुम्ही झोपलात म्हणून थांबत नाहीत. सासूबाईंचं अगदीच चूक नाही हां, कळा जोरात आल्यावर उभं राहिलं, चाललं तर वेळ थोडा कमी होऊ शकतो, पण ते पुढचं.

तर त्या वेळी मी गरम पेज प्यायले, गूळ घालून, आणि डाव्या कुशीवर पडले, गुडघ्यांत जुनी दुलई गुंडाळून. उताणं नका झोपू, पोटाचं वजन आतल्या मोठ्या शिरेवर येतं मग चक्कर येते, बाळाकडं जाणारं रक्तही कमी होतं. कळ आली की जाग यायची, मिनिटभर दुलई आवळून धरायची, नवरा मोबाइलमधे टाइम टाकायचा (दोनदा तोच झोपला), कळ सरली की परत डोळा. असं तुकड्यातुकड्यात दोनेक तास झोप झाली. पाच-पाच मिनिटांवर आल्यावर झोप अशक्यच होती, मग गाडी काढली.

माझ्या जावेनं एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते औषध) घेतलेलं, ती लेबर रूममधेच झोपली निवांत, मला तेव्हा तिचा जाम हेवा वाटला.

पण पाणी गेलं, ते हिरवट दिसलं, लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा डोकं ठणकून डोळ्यापुढं अंधारी आली तर झोपायचं नाही, थेट हॉस्पिटल, गाडी नसली तर 108 ला फोन. आणि हॉस्पिटल लांब असलं तर कधी निघायचं ते तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

झोप नंतर काढू असंही धरून बसू नका. बाळ झाल्यावर त्याला छातीशी धरायचं, पाजायचं, आणि पहिले दोन तास सिस्टर सारख्या पोट दाबून ब्लीडिंग बघायला येतात.

सासूबाईंशी वाद नका घालू, डॉक्टरांनीच झोपायला सांगितलंय म्हणा. आमच्या आजीपुढंसुद्धा तेवढंच चाललं.