आजी-आजोबा झालात? मग हे ऐका

नातवंड झालं, अभिनंदन! आता जरा कान इकडे करा. आपली पोरं वाढवली तेव्हापासून बरंच बदललंय. बाळाला उताणंच झोपवायचं, पालथं नाही. १९९०च्या दशकात हा सल्ला देशोदेशी रुजला आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण बरंच घटलं. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत मध तर बोटभरही नाही. त्यात कधीकधी बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंची बीजं असतात, तान्ह्याच्या आतड्याला ती झेपत नाहीत. (मी यावरून सुनेशी चांगलीच भांडले होते. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा गप्प बसले.) आपल्याकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून डांग्या खोकल्याची लस स्वतःला हवी का, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

सांभाळायचं किती दिवस, किती तास, हे आधीच बोलून ठरवा. 'बघू, जमेल तसं' म्हणालात की त्याचं रोजचं होतं, मग कंबर धरते आणि बोलण्यात कडवटपणा येतो. आईबाबांनी मोबाइल नको म्हटलं असेल तर गुपचूप देऊ नका. पोरं बरोबर हेरतात, आणि संध्याकाळी चुगलीही तीच करतात! त्यापेक्षा गोष्ट सांगा. कालचीच चालते, तीच हवी असते.